कुठेच नाही मिळालं तर...

आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते बहुतेक आमच्याच गोतावळ्यातले आहेत आणि हे पान नेमाने वाचतात. तेव्हा आधीच सांगून ठेवते, कोणी मनाला लावून घेऊ नये. घेतलंत तरी हरकत नाही म्हणा. चौतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर रुसलेल्या माणसांची भीती उरत नाही.

विषय आहे 'सेफ्टी स्कूल'. तिकडे कॉलेजलाही स्कूल म्हणतात, हे मला लेकीने समजावलं. २०२४ साली सप्टेंबर ते डिसेंबर मी तिच्याकडे न्यू जर्सीत होते. नात बारावीला. (तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडत नाही.) तिकडे बारावीची मुलं कॉलेजांना अर्ज करतात ती एकदम दहा-बारा ठिकाणी. त्या कॉलेजांची यादी तीन कप्प्यांत करतात. मिळालं तर नशीब, ती 'रीच'. मिळायला हरकत नाही, ती 'टार्गेट'. आणि कुठेच नाही मिळालं तर हे नक्की, ती 'सेफ्टी'.

नातीला मोठ्या विद्यापीठात जायचं नव्हतं. तिला छोटं कॉलेज हवं होतं, ज्याला तिकडे 'लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणतात. हजार-दोन हजार विद्यार्थी, फक्त पदवीचे वर्ग, आणि शिकवणारे स्वतः प्राध्यापक. हे नाव ऐकून आमच्या वन्संनी पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "अगं, एवढी हुशार मुलगी आणि आर्ट्सला?" वन्सं, यातल्या 'आर्ट्स'चा आपल्या कला शाखेशी संबंध नाही. तिथे भौतिकशास्त्रही असतं, गणितही असतं, संगीत आणि इतिहासही असतो. मुलगी एकाच वेळी रसायनशास्त्र आणि लॅटिन शिकू शकते. मला तर हेवाच वाटला.

तर एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून यादी चालली होती. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना. एकेका नावावर अर्धा-अर्धा तास चर्चा. ही सगळी कॉलेजं शंभर अर्जांतले दहासुद्धा घेत नाहीत. मग मधल्या कप्प्यावर चर्चा झाली. शेवटची ओळ रिकामी होती. जावईबापूंनी घड्याळाकडे बघितलं, कुठल्याशा यादीतून एक नाव उचललं आणि तिथे टाकलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. म्हणाले, "कुठेच नाही मिळालं तर हे आहेच."

मी नातीला विचारलं, "हे कसं आहे गं कॉलेज?"

"माहीत नाही आजी. सेफ्टी आहे ते."

माझं भांडण या उत्तराशी आहे.

जरा विचार करा. वरच्या आठ-नऊ कॉलेजांत निवड कोण करणार? ती कॉलेजं करणार. तुम्ही कितीही रात्री जागून निबंध लिहा, शेवटी तिथला कोणीतरी माणूस ठरवणार आणि का ठरवलं ते सांगणारही नाही. पूर्ण यादीत अशी एकच जागा आहे जिथे मुलगी कॉलेजला निवडते, आणि ती म्हणजे ही शेवटची ओळ. जिथे निवड खरोखर आपल्या हातात आहे तिथे आपण दहा मिनिटं दिली, आणि जिथे नाही तिथे सहा महिने! मुलीचं स्थळ बघताना कोणी असं केलं असतं तर आमच्या सासूबाईंनी त्याला घराबाहेर काढलं असतं.

आता कोणी म्हणेल, सेफ्टीच ती, तिथे जाणार कोण? जावं लागतं मंडळी. आमच्याच घरात झालंय. पुतण्याचा मुलगा, कॅलिफोर्नियात. (त्याला विचारून लिहिते आहे.) २०२३ सालची गोष्ट. अकरा नामांकित कॉलेजं आणि एक सेफ्टी. ते सेफ्टी कॉलेज त्याने बघितलं नव्हतं, त्यांच्या ऑनलाइन माहितीसभेला बसला नव्हता. 'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाला त्याने दुसऱ्या कॉलेजचाच निबंध नाव बदलून चिकटवला होता. मार्चअखेर अकरा नकार आले, ते एकवेळ समजू शकतो. पण सेफ्टीनेही घेतलं नाही! प्रतीक्षायादीवर टाकलं. पोराचे मार्क त्या कॉलेजच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर होते. पंधरा दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही, आणि इकडे आम्हाला फोनवर "अजून ठरलं नाही" एवढंच ऐकू येत होतं.

कारण कोणी कळवत नाही. पण ही पद्धत तिकडे सर्वांना ठाऊक आहे. छोट्या कॉलेजचा पहिल्या वर्षाचा वर्ग असतो चार-पाचशेचा. ज्यांना प्रवेश दिला त्यांतले किती येतील, याचा अंदाज चुकला तर त्यांचं वर्षाचं अंदाजपत्रक कोसळतं. मोठ्या विद्यापीठात पन्नास मुलं कमी आली तर कोणाला कळणारही नाही, इथे पन्नास म्हणजे वर्गाचा दहावा हिस्सा. म्हणून बरीच कॉलेजं बघतात की या मुलाला इथे खरंच यायचं आहे का. जो येणारच नाही असं दिसतं त्याला मार्क कितीही असोत, दार उघडत नाहीत. आणि हे गुपितही नाही. बहुतेक कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ या तक्त्यात प्रवेश देताना कशाकशाला किती महत्त्व देतात ते लिहिलेलं असतं, आणि त्यात अर्जदाराला किती रस आहे, यासाठी एक वेगळी ओळच आहे. आमच्या इंजिनिअर मंडळींनी क्रमवारीची दहा पानं पाठ केली होती, हा तक्ता उघडून बघितला नव्हता. ज्या कॉलेजला तुम्ही 'हे आहेच' म्हणता, त्याला तुमचं ते 'हे आहेच' ऐकू जातं.

दुसरी गोष्ट पैशाची. ही आपल्या लोकांना लवकर कळेल असं वाटलं होतं, पण नाही. तिकडच्या चांगल्या खाजगी कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट खर्च आता वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. प्रवेश मिळाला पण फी परवडली नाही, तर ती सेफ्टी कसली? विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्टसारखी श्रीमंत कॉलेजं गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, फक्त घरची गरज बघून मदत करतात. उलट वूस्टर, बेलॉइट, कॅलामझू, लॉरेन्स अशी जी मधल्या प्रांतांतली कॉलेजं आहेत, ती चांगल्या विद्यार्थ्याला गुणांवरही बरीच सूट देतात. २०११ पासून तिथल्या कायद्याने प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर एक हिशोबयंत्र ठेवावं लागतं. घरचं उत्पन्न घाला, तुम्हाला साधारण किती पडेल ते सांगतं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणखी एक मेख अशी की काही कॉलेजं प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत आणि काही बघतात. तेव्हा पूर्ण फी भरणाऱ्याची जी सेफ्टी, ती मदत मागणाऱ्याची सेफ्टी असेलच असं नाही. शेजारच्या मुलाची यादी उतरवून घेण्यात हाच धोका आहे.

तिसरी गोष्ट मला स्वतःला धक्का देऊन गेली. कॉलेज स्वतः सुरक्षित आहे का, हे बघावं लागेल असं माझ्या पिढीच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्याकडे कॉलेज एकदा निघालं की ते असतंच! तिकडे तसं नाही. न्यूयॉर्क राज्यात तळ्याकाठी वेल्स नावाचं कॉलेज होतं, १८६८ सालचं. २०२४ च्या एप्रिलअखेरीस त्यांनी जाहीर केलं की हे सत्र संपलं की कॉलेज बंद. म्हणजे पुढच्या वर्षी कुठे जायचं हे ठरवून मुलं मोकळी होत होती तेव्हा. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ सालचं कॉलेज ३१ मे २०२४ ला बंद झालं, आणि त्याच सुमारास त्यांचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. कॉलेज उरलं नाही, संघ मैदानात! हे वाचून माझ्या पोटात कालवलं. व्हरमाँटमधली ग्रीन माउंटन (२०१९) आणि मार्लबरो (२०२०) ही दोन कॉलेजंही अशीच गेली. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचं सांगितलं होतं. माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे केले, कोर्टात लढल्या आणि काही महिन्यांत ते वाचवलं. त्या बायकांना माझा नमस्कार. पण प्रत्येक कॉलेजला अशा लेकी मिळत नाहीत.

तेव्हा सहज प्रवेश देणारं छोटं कॉलेज निवडताना चार प्रश्न विचारायलाच हवेत. गेल्या काही वर्षांत विद्यार्थीसंख्या घसरते आहे का? गंगाजळी किती? मान्यता देणाऱ्या संस्थेने काही ताकीद दिली आहे का? विषय बंद करणं, प्राध्यापक कमी करणं चाललंय का? 'फॉर्म ९९०' नावाचं यांचं आयकराचं विवरणपत्र कोणालाही बघता येतं. आमचे जावईबापू शेअर घेताना कंपनीचा ताळेबंद चाळतात. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मुलगी चार वर्षं ठेवायची आहे, इथेही चाळा." मनाचे मोठे आहेत, हसले आणि बसले चाळत.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. "आई, त्या कॉलेजचं नाव कोणी ऐकलंय का?"

ठीक आहे. वूस्टरचंच घेऊ. ओहायो राज्यातलं छोटं गाव, त्याच नावाचं कॉलेज. अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो, म्हणून आपल्या लोकांत त्याला किंमत नाही. आमच्या घरात चार इंजिनिअर आणि दोन फिजिक्सवाले आहेत. सगळ्यांनी 'कॉम्प्टन परिणाम' घोकला आहे, त्यावरची गणितं सोडवून मार्क मिळवले आहेत. तो आर्थर कॉम्प्टन, १९२७ सालचा भौतिकीतला नोबेल विजेता, याच वूस्टर कॉलेजचा १९१३ सालचा पदवीधर. त्याचे वडील तिथेच प्राध्यापक होते. म्हणजे माणसाचं नाव पाठ, कॉलेजचं नाव 'कोणी ऐकलंय?'

पण मला कॉम्प्टनपेक्षाही त्या कॉलेजची एक पद्धत भावली. १९४० च्या दशकापासून तिथे शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. पहिल्या दहांनीच नव्हे, प्रत्येकाने. एका प्राध्यापकाच्या समोर बसून, वर्षभर. प्रबंध दिला की कॉलेज त्याच्या हातात एक चॉकलेटची गोळी ठेवतं आणि मग सगळी मुलं बॅगपाइपच्या सुरांत मिरवणूक काढतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. केलं तेव्हा तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाला माझं नाव ठाऊक नव्हतं. नंतर मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं होतं की वर्गातल्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायची. त्या एका गोष्टीचा मुलांवर काय परिणाम होतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून सांगते, या छोट्या कॉलेजांत पैसे मोजायचे तर ते यासाठी, गाडीच्या काचेवर लावायच्या स्टिकरसाठी नव्हे.

'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये शिक्षणविषयक संपादक राहिलेल्या लॉरेन पोप यांनी १९९६ साली अशाच चाळीस कॉलेजांवर एक पुस्तक लिहिलं, 'कॉलेजेस दॅट चेंज लाइव्हज'. त्यात वूस्टर, बेलॉइट, कॅलामझू, अर्लम अशी नावं आहेत. प्रवेशाला फारशी कडक नसलेली आणि शिकवायला कसून शिकवणारी. पोप २००८ साली गेले, पण मुद्दा अजून उभा आहे. किती मुलांना नाकारलं यावरून कॉलेज मोजायचं, की घेतलेल्या मुलांचं काय केलं यावरून? शाळेत आम्ही 'प्रवेश परीक्षा घेऊन निवडक मुलं घ्यायची आणि मग शंभर टक्के निकाल लावायचा' अशा शाळांना हसायचो. आता आपलीच मंडळी कॉलेजच्या बाबतीत तसल्याच निकालाला भुलतात.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तरीणबाई एकतर्फी बोलतात. नावाचा उपयोग होतो. मुलीला उद्या भारतात येऊन नोकरी करायची असेल तर इथे त्या छोट्या कॉलेजचं नाव समजावून सांगता सांगता तिची दमछाक होईल, हे खरं आहे. अभियांत्रिकीच करायची असेल तर यातली बहुतेक कॉलेजं उपयोगाची नाहीत, हेही खरं. आणि शिष्यवृत्ती धरूनही जर खर्च राज्य विद्यापीठाच्या दुप्पट येत असेल तर राज्य विद्यापीठ घ्यावं, मी स्वतः तेच सांगेन. सरकारी पण छोटी कॉलेजंही आहेत, न्यूयॉर्कमध्ये जेनेसीओ आहे, मेरीलँडमध्ये सेंट मेरीज आहे, ती बघावीत. माझं म्हणणं एवढंच की जे काही शेवटच्या ओळीत लिहाल ते बघून, विचारून, हिशोब करून लिहा. आणि लिहिलंत की त्याला नावं ठेवू नका.

कारण ऐकणारं कोण असतं? मूल असतं. सहा महिने ते जेवणाच्या टेबलावर ऐकतं की अमुक कॉलेज म्हणजे 'काहीच नाही मिळालं तर'. मग एप्रिलमध्ये तेच मिळतं. आता आईबाप कितीही म्हणोत, "छान कॉलेज आहे हं बाळा," ते खोटं वाटणारच. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी पसंतीक्रमाच्या अर्जाबरोबर मी कित्येक पालक पाहिले आहेत. मुलासमोर म्हणायचे, "बाई, हे शेवटचं आपलं भरतीला." जून-जुलैत तोच मुलगा रस्त्यात भेटला की मान खाली घालून सांगायचा, "बाई, मला तिथेच मिळालं." त्या 'तिथेच' मध्ये जे असायचं ते मी अजून विसरले नाही. कॉलेज वाईट नव्हतं हो. आपण त्याच्या मनात आधीच वाईट करून ठेवलं होतं. अशी मुलं पहिलं वर्ष शिकतच नाहीत, तोंड लपवण्यात घालवतात.

मग आमच्याकडे काय झालं? मी हट्टच धरला की यादी उलटी करायची. सेफ्टी आधी, बाकी सगळं नंतर. नातीनेच पाच-सहा कॉलेजं शोधली. नियम एकच ठेवला, 'उद्या फक्त हेच मिळालं तर मी हसत जाईन' असं म्हणता आलं पाहिजे. दोन ठिकाणी ती ऑनलाइन बसून माहिती ऐकून आली, एका ठिकाणी ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही सगळे गाडीने गेलो. तिथे एका प्राध्यापकबाईंनी तिला वर्गात बसू दिलं. तास संपल्यावर त्या तिला नावाने हाक मारून म्हणाल्या, "काही विचारायचं राहिलं का?" परतीच्या वाटेवर पोरगी चार तास बोलत होती. त्या कॉलेजचा 'आमचंच कॉलेज का?' हा निबंध तिने एका संध्याकाळी लिहिला, कोणाच्या मदतीशिवाय, आणि बारा निबंधांत तोच सगळ्यांत चांगला उतरला. साहजिक आहे. तो एकच खरा होता.

त्या कॉलेजला लवकरचा पण बंधन नसलेला अर्ज करायची सोय होती, ती घेतली. डिसेंबर संपायच्या आत होकार आला, शिष्यवृत्तीच्या आकड्यासकट. त्याच आठवड्यात एका मोठ्या नावाचा नकार आला. ती थोडी रडली, मग जेवली आणि झोपली. पुतण्याच्या घरचे ते पंधरा दिवस आठवून मला त्या रात्री तिची शांत झोप बघत बसावंसं वाटलं.

ती शेवटी कुठे गेली? ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लगेच तुम्ही निकाल लावणार, जिंकली की हरली. तीच सवय मोडावी म्हणून एवढं लिहिलं.

फक्त एक विनंती. पुढच्या वर्षी आपल्या घरातली आणखी दोन मुलं अर्ज करणार आहेत. त्यांना फोनवर "कुठे कुठे भरलंस?" असं विचाराल तेव्हा यादी खालून विचारा. शेवटचं कॉलेज कसं आहे, तिथे काय शिकायला मिळेल, गाव कसं आहे. वन्सं, हे तुम्हालाही!

असो. बरंच लांबलं. डोळे दुखायला लागले, आता थांबते.